हॉटेलातलं जेवण, रोजचं फळ आणि भरकटलेला वाद

खाण्यापिण्यावरचा वाद हल्ली दोनच सुरांत ऐकू येतो. एक सूर सांगतो, बाहेरचं खाणं म्हणजे पैसे मोजून घेतलेलं दुखणं. तेल, मीठ आणि साखर यांच्यापलीकडे तिथे पदरात काही पडत नाही. याच सुराने आता फळांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं आहे. फळांत साखर असते, तेव्हा तीही जपून खा, जमल्यास टाळाच. दुसरा सूर याला वैतागलेला असतो. आयुष्य एकदाच मिळतं, मन मारून जगायचं कशाला, आवडेल ते खा. दोन्हीकडची माणसं तळमळीने बोलतात आणि दोघंही एकच चूक करतात: समोरच्या एका ताटावरून अख्ख्या आयुष्याचा निकाल देऊन मोकळे होतात. माझं म्हणणं स्पष्ट आहे. आपण राहतो त्या भागातल्या चांगल्या हॉटेलात आनंदाने जेवणं आणि रोज फळ खाणं यांचं एकमेकांशी काडीचंही वैर नाही. प्रकृती बनते वा बिघडते ती महिनोन्‌महिने रोज काय पोटात जातं त्यावर. म्हणून फळ रोज हवं, हॉटेल अधूनमधून हवं, आणि दोन्ही निर्धास्त मनाने हवीत.

या वादात मला सर्वांत खटकतं ते हे, की तो सगळा ‘काय सोडायचं’ यावर चालतो. साखर सोडा, मैदा सोडा, बाहेरचं सोडा, आणि आता फळं सोडा. ताटात काय कमी पडतं आहे, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. १९५ देशांतल्या आहाराचा आणि मृत्यूंचा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१७ या एका वर्षात सुमारे १ कोटी १० लाख मृत्यूंचा संबंध सदोष आहाराशी असावा, असा त्याचा अंदाज होता. त्यातल्या निम्म्याहून अधिक मृत्यूंमागे तीन कारणं दिसली: जास्त मीठ, कमी अख्खं धान्य आणि कमी फळं. हे अंदाज आहेत, प्रत्येक मृत्यूची चौकशी करून काढलेले आकडे नव्हेत, हे मान्य. पण तीनांपैकी दोन कारणं ‘कमी खाल्ल्या’ची आहेत, याचा अर्थ लावायचा की नाही? जागतिक आरोग्य संघटना भाज्या आणि फळं मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम खा म्हणते, आणि बटाट्यासारखे कंद त्यात धरत नाही. आपल्यापैकी किती जण त्याच्या जवळपास पोचतात? जिथे उणीव आहे तिथे आपण आणखी काटछाट करायला निघालो आहोत.

फळांवर आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं मात्र उडवून लावण्यासारखं नाही. बाजारात मिळणारी फळं ही रानातली फळं नव्हेत. रानटी केळं कडक बियांनी भरलेलं असतं, रानटी सफरचंदं बहुधा आंबट आणि तुरट. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून फळं मोठी, गोड आणि बिनबियांची केली. २०१८ मध्ये मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयाने आपल्या काही प्राण्यांचा फळांचा खुराक बंद करून त्यांना पालेभाज्यांकडे वळवलं, कारण लागवडीच्या गोड फळांनी प्राण्यांचं वजन वाढत होतं आणि दात किडत होते. हा दाखला वजनदार आहे. फ्रुक्टोजचं, म्हणजे फळांत असणाऱ्या एका साखरेचं, बरंचसं काम यकृतावर पडतं आणि ते भाराभर गेलं तर यकृतात चरबी साठू शकते, हेही शास्त्र सांगतं. मधुमेही माणसाने फळाचं प्रमाण बघून खावं, मूत्रपिंडाच्या रुग्णाने पोटॅशियमसाठी डॉक्टरांना विचारावं, काही औषधांबरोबर ग्रेपफ्रूट चालत नाही, हे सगळं खरंच आहे.

पण यावरून ‘फळ म्हणजे साखर’ इथे उडी मारणं म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं. त्या प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांच्या खुराकात फळं नेमाने असत. आपल्यापैकी बहुतेकांच्या दिवसात एक फळही धड नसतं. दोघांना एकच पथ्य कसं लागू पडेल? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत मर्यादा घातली ती मोकळ्या साखरेवर: वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस. अख्ख्या फळातली साखर त्या मर्यादेबाहेर ठेवली. रस आत, फळ बाहेर. साखरेचा रेणू तर दोन्हीकडे तोच, मग हा भेद कशासाठी?

याचं उत्तर १९७७ च्या एका छोट्या आणि सुंदर प्रयोगात सापडतं. दहा निरोगी माणसांना वेगवेगळ्या वेळी सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, कुस्करलेलं आणि रस काढलेलं. पिष्टमय पदार्थांचं प्रमाण तिन्ही वेळी सारखं. रस अख्ख्या सफरचंदापेक्षा अकरा पट वेगाने पोटात गेला. अख्ख्या फळाने पोट सर्वांत भरल्यासारखं वाटलं, कुस्करलेल्याने त्याहून कमी आणि रसाने सर्वांत कमी. रसानंतर इन्सुलिन जास्त उसळलं आणि मग रक्तातली साखर पहिल्यापेक्षाही खाली घसरली. अख्ख्या फळानंतर असं झालं नाही. फळ तेच होतं, फरक होता तो चावण्याचा. दातांना काम लागतं, पेशींच्या भिंती फुटायला वेळ लागतो, तंतू पोटात जागा धरतात, आणि ‘आता पुरे’ हा निरोप मेंदूपर्यंत पोचायला अवधी मिळतो. संत्रं सोलून बघा. साल काढायची, पांढरे दोरे ओढायचे, फोडी सुट्या करायच्या, एकेक तोंडात टाकायची, बिया थुंकायच्या. दोन संत्र्यांवर बहुतेकांचा हात थांबतो. पेलाभर रसाला तीन-चार संत्री लागतात आणि तो उभ्याउभ्या संपतो.

मोठ्या अभ्यासांचं निरीक्षण याच दिशेचं आहे. अमेरिकेतल्या सुमारे १ लाख ८७ हजार आरोग्य कर्मचाऱ्यांची वर्षानुवर्षं ठेवलेली माहिती तपासून २०१३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष आला: अख्खी फळं, त्यातही ब्लूबेरी, द्राक्षं आणि सफरचंद, जास्त खाणाऱ्यांना टाइप दोनचा मधुमेह कमी झाला; फळांचा रस जास्त पिणाऱ्यांना जास्त. चीनमधल्या सुमारे पाच लाख प्रौढांच्या अभ्यासातही ताजी फळं रोज खाणाऱ्यांत मधुमेहाचं प्रमाण कमी आढळलं, आणि आधीच मधुमेह असलेल्यांपैकी जे आठवड्यात तीनपेक्षा जास्त दिवस फळं खात होते त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी होतं. फळं खाणारा माणूस मुळातच सुस्थितीतला, चालणारा-फिरणारा असेल, मग श्रेय फळाला का द्यायचं, असं कुणी विचारेल. रास्त शंका आहे, आणि निरीक्षणाच्या अभ्यासांतून ती पूर्णपणे कधीच फिटत नाही. पण फळातली साखर मधुमेह आणते हा दावा खरा असता, तर इतक्या माणसांमध्ये उलटं चित्र का दिसावं? ज्याला फळावर आरोप ठेवायचा आहे, त्याने निदान एवढ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं.

आता तिसरा एक पक्ष पुढे येतो, जो स्वतःला व्यवहारी म्हणवतो. त्याचं म्हणणं, फळाची एवढी भलावण कशाला? त्यातलं जीवनसत्त्व गोळीत मिळतं, तंतू पुडीत मिळतात. या युक्तिवादाला इतिहास मोठा आहे आणि तो नीट सांगण्यासारखा आहे. १७४७ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या ‘सॅलिस्बरी’ जहाजावर जेम्स लिंड या शल्यवैद्याने स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, आजारी पडलेले १२ खलाशी घेतले आणि त्यांच्या सहा जोड्या केल्या. जेवण सगळ्यांना एकच. वरून कुणाला सायडर हे सफरचंदाचं पेय, कुणाला पातळ केलेलं गंधकाम्ल, कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, कुणाला लसूण-मोहरी कुटून केलेलं चाटण, आणि एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहाव्या दिवशी जहाजावरची फळं संपली. तोवर त्या जोडीतला एक जण कामावर परतण्याइतका बरा झाला होता आणि दुसऱ्याला बाकीच्या आजाऱ्यांच्या शुश्रूषेवर लावता आलं. इतका लख्ख निकाल हाती असताना आरमाराने लिंबाचा रस सरसकट द्यायला सुरुवात केली ती १७९५ मध्ये. मधल्या काळात किती खलाशी हिरड्या सडून, जुन्या जखमा पुन्हा उघडून मेले असतील?

उशिराचं एक कारण खुद्द लिंडच्याच लिखाणात आहे. जहाजावर ताजी फळं टिकत नाहीत, म्हणून त्याने रस तापवून आटवून ठेवायची रीत सुचवली. त्या तापवण्यात फळाचा गुण बहुतांशी उडून गेला आणि लोकांना वाटलं, फळात काही दम नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात आरमाराने भूमध्य समुद्राकाठच्या मोठ्या पिवळ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधली छोटी हिरवी लिंबं घेतली. आंबट ते आंबट, असा हिशेब. त्या लिंबात क जीवनसत्त्व मुळातच कमी, त्यात साठवणीत आणखी घट. १८७५ मध्ये निघालेल्या ब्रिटिश आर्क्टिक मोहिमेला याच रसाच्या भरवशावर असताना स्कर्व्हीने गाठलं. फळाचा ‘अर्क’ आपल्याला कळला, आता फळाची गरज नाही, या समजुतीने माणसं दोनदा तोंडघशी पडली होती. क जीवनसत्त्व हाती लागलं ते विसाव्या शतकात; त्याच्याशी निगडित संशोधनासाठी अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ चं नोबेल मिळालं.

आज क जीवनसत्त्वाची गोळी स्कर्व्ही बरी करते, यात वाद नाही. पण म्हणून बाकी सगळं गोळीत मावतं का? नारिंगी-पिवळ्या फळांत आणि भाज्यांत बीटा कॅरोटिन हे रंगद्रव्य असतं, आणि ती खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, असं दिसल्यावर फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर गोळ्यांची चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त होता. अमेरिकेतली अशीच चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. फळ खाणाऱ्यांत जो लाभ दिसत होता, त्यातला एक घटक वेगळा काढून भरपूर प्रमाणात दिल्यावर लाभ तर सोडाच, हानी झाली. फळात तंतू, पाणी, पोटॅशियम, असंख्य रंगद्रव्यं एकत्र असतात. आणि ते खाल्लं की दुसरं काहीतरी तळकट किंवा गोड खायचं राहून जातं, हाही त्याचाच लाभ. तो कुठल्या गोळीत भरणार?

एक आक्षेप मात्र माझ्या मते सर्वांत बळकट आहे आणि वादात त्याचा उच्चार सर्वांत कमी होतो. फळं महाग असतात. पोट भरायचं तर तेवढ्याच पैशांत धान्य किंवा तळलेला पदार्थ कितीतरी जास्त मिळतो. महिनाअखेरीला टोपलीतून आधी फळच गळतं. अशा घरातल्या माणसाला ‘रोज फळ खा’ म्हणून सांगणं हे उंटावरून शेळ्या हाकण्यासारखं आहे. हंगामातलं, जवळपास पिकलेलं साधं फळ स्वस्त पडतं आणि दूरदेशाहून आलेल्या चकचकीत फळापेक्षा गुणाने कमी नसतं, एवढं सांगता येईल; पण त्याने प्रश्न मिटत नाही. तो मिटवायचा तर समाजाला आणि सरकारला हातभार लावावा लागतो. इंग्लंडमध्ये सरकारी शाळांतल्या ४ ते ६ वर्षांच्या मुलांना शाळेच्या दिवशी एक फळ किंवा भाजी मोफत मिळते. युरोपीय संघाने २००९ मध्ये शाळांसाठी फळांची योजना आणली. फिनलंडच्या उत्तर करेलिया प्रांतात हृदयविकाराने तरुणपणीच माणसं मरत होती. तिथे १९७२ पासून मोहीम चालली, आणि ‘लोणी-दूध कमी खा’ म्हटल्यावर गवळ्यांनी काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा १९८० च्या दशकात त्यांना बेरीच्या लागवडीकडे वळायला मदत केली गेली. लोकांच्या ताटात फळ आलं आणि शेतकऱ्याच्या हातात पैसाही. त्या प्रांतातल्या कामकरी वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू पुढच्या चार दशकांत ८० टक्क्यांहून अधिक घटले. श्रेय एकट्या बेरीचं नाही. तंबाखू, मीठ, चरबी, रक्तदाब अशा सगळ्या आघाड्यांवर काम झालं. पण ज्याला आहार सुधारायचा आहे त्याने लोकांना धमकावण्याऐवजी काय करावं, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

आता हॉटेलाकडे येऊ. इथेही विरोधकांच्या हातात भक्कम पुरावा आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्राझील, चीन, फिनलंड, घाना आणि भारत या पाच देशांतल्या हॉटेलांतली लोकप्रिय जेवणं प्रयोगशाळेत मोजली गेली. बसून जेवायच्या हॉटेलांतली ९४ टक्के जेवणं ६०० कॅलरींच्या वर निघाली. फास्ट फूडमध्ये हे प्रमाण ७२ टक्के होतं. म्हणजे ज्याला आपण ‘बरं’ हॉटेल म्हणतो तेच पुढे. मिठाचं दुखणं वेगळंच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, जगाची सरासरी त्याच्या दुपटीच्या घरात आहे, आणि आचारी मीठ-तेल सढळ हाताने घालतो ते चवीसाठीच. रोज दोन्ही वेळ बाहेर जेवणाऱ्या माणसाने काळजी करावी, हे मी निःसंकोच मान्य करतो.

पण याच अभ्यासातली दुसरी नोंद कुणी सांगत नाही. फिनलंडमधल्या कामाच्या ठिकाणच्या कॅन्टीनची जेवणंही मोजली होती, आणि तिथल्या हॉटेलांच्या तुलनेत त्यांत सुमारे २५ टक्के ऊर्जा कमी निघाली. तेही बाहेरचंच जेवण होतं. तेव्हा दोष ‘बाहेर’ या गोष्टीत नाही. ताटात किती वाढायचं हे कोण ठरवतं, कशासाठी ठरवतं, यात आहे. आणि इथेच आपल्या भागातल्या छोट्या हॉटेलाची बाजू बळकट होते. तिथे ठरवणारा माणूस गल्ल्यावर बसलेला असतो. त्याला सांगता येतं की तेल कमी घाल, अर्धंच वाढ, भाजी जास्त दे. नेहमीचं गिऱ्हाईक चार वेळा बोललं तर तो ऐकतो, कारण ते पुन्हा यायला हवं असतं. शेकडो शाखांच्या साखळीत शिजवणाऱ्यालाही कृती बदलायची मुभा नसते. ती कुठल्यातरी मुख्यालयात ठरलेली असते. सगळीच छोटी हॉटेलं गुणी असतात असं मी म्हणणार नाही. कळकट भटारखाने आणि पुन्हापुन्हा तापवलेलं काळं तेल मीही पाहिलं आहे, आणि तिथे पुन्हा पाऊल ठेवू नये. पण सुक्याबरोबर ओलं जाळायचं कारण काय?

‘पूर्वी माणसं घरचंच खात, म्हणून धडधाकट होती,’ असं ठासून सांगितलं जातं. कुठल्या पूर्वी? इटलीतलं पॉम्पेई हे रोमन शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, आणि उत्खननात रस्त्यारस्त्यावर खाण्याची दुकानं निघाली: दगडी ओटे, त्यांत बसवलेले रांजण. २०२० मध्ये असंच एक दुकान पूर्ण उघडं झालं. ओट्यावर बदकांची आणि कोंबड्याची रंगीत चित्रं, रांजणांत खाण्याचे अवशेष. शहरातल्या अनेक लहान घरांना स्वयंपाकघरच नव्हतं. सोंग राजवटीतल्या चिनी शहरांत आठशे-नऊशे वर्षांपूर्वी खाणावळी रात्री उशिरापर्यंत गजबजलेल्या असत. आणि अठराव्या शतकात, १७६० च्या दशकात, पॅरिसमध्ये ज्या नव्या धर्तीच्या जागा उघडल्या, जिथे माणूस आपल्या वेळेला येऊन स्वतंत्र टेबलावर बसू शकत होता, त्या नाजूक प्रकृतीच्या लोकांना ताकद देणारं सूप विकत होत्या. आजच्या हॉटेलाच्या पूर्वजाची पाटी आरोग्याची होती. बाहेर जेवणं ही आजच्या पिढीची विकृती आहे, हा दावा इतिहासाच्या पहिल्या धक्क्यालाच कोसळतो.

‘घरचं अन्न’ या शब्दांमागे कुणाचे हात असतात, हेही एकदा बोललं पाहिजे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातल्या बिनपगारी घरकामाचे आणि देखभालीचे ७६ टक्क्यांवर तास बायका देतात. घरच्या जेवणाचे गोडवे गाणाऱ्यांपैकी किती जण ते रांधतात? आठवड्यातून एखादी संध्याकाळ रांधणारीलाही कुणी आयतं ताट समोर ठेवतं, तिच्यासाठी पाणी आणतं, उष्टी भांडी उचलून नेतं, यात जो विसावा आहे तो कुठल्याही कॅलरीच्या तक्त्यात दिसत नाही. कुणी म्हणेल, मग घरातल्यांनी कामं वाटून घ्यावीत. जरूर घ्यावीत. त्या दिवसाची वाट पाहताना तिने मात्र आजचं ताट नाकारावं का?

जेवण म्हणजे केवळ पोषण, ही समजूतच अपुरी आहे. १९९९ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, फ्रान्स, बेल्जियम आणि जपान इथल्या लोकांना खाण्याविषयी काय वाटतं ते विचारलं. अन्नाचा संबंध आरोग्याशी सर्वांत जास्त आणि सुखाशी सर्वांत कमी जोडणारे निघाले अमेरिकी. फ्रेंच माणसं त्यांच्या दुसऱ्या टोकाला. काळजीनेच तब्येत सुधारत असती, तर अमेरिकेत लठ्ठपणा इतका का फोफावला असता? एवढ्यावरून सुख हेच औषध, असा निष्कर्ष मी काढणार नाही. पण धास्ती हे औषध नव्हे, इतकं तरी कळतं. ब्राझीलच्या आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये जी आहारविषयक मार्गदर्शिका काढली ती म्हणूनच मला शहाणी वाटते. तिच्यात नियमित वेळी, लक्ष देऊन, जमेल तेव्हा सोबतीने जेवा असं सांगितलं आहे, आणि बाहेर जेवायचं तर ताजं शिजवून देणाऱ्या जागा निवडा असंही. बाहेर जाऊ नका, असं त्या सरकारी आरोग्य खात्याने सांगितलं नाही. कुठे जायचं ते सांगितलं.

‘आवडेल ते खा’ म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. त्यांच्या म्हणण्यात सुखाची बाजू आहे, पण जबाबदारी सगळी हवेत सोडलेली आहे. आनंदाने जेवायचं तर भटारखान्यात काय घातलं जातं यावर विश्वास हवा, आणि तो आपोआप येत नाही. कारखान्यात तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक अशा ट्रान्स फॅट या चरबीवर डेन्मार्कने २००३ मध्ये कडक मर्यादा आणली, न्यूयॉर्क शहराने २००६ मध्ये हॉटेलांसाठी बंदी मंजूर केली. तेव्हाही ‘लोकांच्या ताटात सरकारने डोकावू नये’ अशी ओरड झाली. हॉटेलं बुडाली का? तेल बदललं आणि लोक पहिल्यासारखेच जेवत राहिले. खाणाऱ्याच्या मनात अपराधीपणा भरण्यापेक्षा तेल बदलायला लावणं किती सोपं आणि किती परिणामकारक ठरलं.

फळ आणि हॉटेल यांची गाठ पडायला हवी ती इथेच. कुठल्याही हॉटेलातलं खाद्यपदार्थांचं पत्रक उघडा. फळ बहुधा रस म्हणून असतं, दाट दुधात घुसळलेलं असतं, नाहीतर आइस्क्रीमवर चार फोडी म्हणून. साधं, कापलेलं, ताजं फळ जेवणाशेवटी का नसतं? ‘जेवणावर फळ खाल्लं की ते पोटात कुजतं’ हा समज अनेकांच्या डोक्यात पक्का आहे, पण त्याला आधार नाही. जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की तिथे फळ कुजत बसत नाही; ते बाकीच्या अन्नासोबतच पुढे सरकतं. उलट जेवणासोबत क जीवनसत्त्व असलेलं फळ खाल्लं तर धान्य-कडधान्य आणि पालेभाज्यांमधलं लोह शरीर जास्त शोषून घेतं. रक्त कमी असलेल्या माणसासाठी पेरू किंवा संत्रं जेवणाबरोबरच खाणं लाभाचं.

हॉटेलवाल्याची अडचण मला कळते. कापलेलं फळ तासाभरात काळवंडतं, गिऱ्हाइकाने मागितलं नाही तर वाया जातं, आणि मिष्टान्नावर जो नफा सुटतो तो फोडींवर सुटत नाही. पण संत्रं, केळं, द्राक्षं, पेरू ही फळं आधी कापून ठेवावी लागत नाहीत. ऑर्डर आली की दोन मिनिटांत बशी तयार होते, आणि न खपलेलं फळ उद्याही चालतं. राहिला प्रश्न मागणीचा. ती आपल्याकडूनच यायची आहे. पुढच्या वेळी जेवण झाल्यावर वाढप्याने ‘अजून काही?’ विचारलं की फळ आहे का विचारा. पहिल्यांदा नाही म्हणतील. दुसऱ्या टेबलावरूनही तोच प्रश्न आला, पुढच्या आठवड्यात पुन्हा आला, की मालक सकाळच्या बाजारात एक टोपली जास्तीची घेईल.